हंटर, मिस्टियर आणि येळवस

माझे दोन्ही आजोबा हवाई दलात होते. वडिलांचे वडील, आबा, औसा तालुक्यातले. आईचे वडील, नाना, उदगीरकडचे. दोघंही एअरमन, म्हणजे विमानाखाली राबणारे. आबा आर्मरर, विमानाला गोळ्या-रॉकेटं चढवणारे. नाना एअरफ्रेम फिटर, विमानाचा सांगाडा-पत्रा सांभाळणारे. आबांनी १९७१चं युद्ध जैसलमेरला काढलं, नानांनी १९६५चं पठाणकोटला. विमान दोघांपैकी कुणीच कधी चालवलं नाही, तरी दोन्ही गावांत त्यांची ओळख 'पायलट' अशीच. आबा ते हसण्यावारी न्यायचे. नाना चिडायचे.

यंदा विजय दिवस आणि वेळ अमावस्या एकाच आठवड्यात आल्या. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला, आमच्याकडच्या बोलीत येळवशीला, म्हणजे रानात पूजा करून तिथेच जेवायच्या सणाला, पुण्या-मुंबईला पांगलेला गोतावळा रानात हजर असतो. काकांचा फोन आला, "तवाच दोघांच्या नावाचा दगड बसवू रानात. येरवी कोण येतंय?" नानांचं रान विकून टाकलेलं, मामा हैदराबादला, म्हणून त्यांचंही नाव आबांच्याच बांधावर. दगड लातूरच्या एका कारागिराकडे टाकला होता, पण मजकुराशी घोडं अडलं होतं. आबांच्या नावाखाली काय कोरायचं ते ठरलेलं, नानांच्या नावाखालची जागा कोरी. आई, मी आणि चुलतभाऊ असे तिघं गाडी घेऊन निघालो.

पहिला दिवस : नळदुर्ग

सोलापूरपर्यंतचं सांगण्यासारखं काही नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात शिरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लोक इथे पावसाळ्यात येतात, नर-मादी धबधबे बघायला. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणी महाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला आहे. डिसेंबरात भिंतीवरून पाणी पडत नव्हतं, त्यामुळे आत निवांत उतरता आलं. जिना अंधारा आणि ओलसर. गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून जाऊ नका आणि मोबाइलची बॅटरी शिल्लक ठेवा. उपली बुरुजावर लांबलचक तोफा आहेत आणि वारा असा की ओढणी हातात धरून उभं राहावं लागतं. आई खालीच एका पडक्या कट्ट्यावर पेरू खात बसली.

आम्ही थांबलो ते मात्र आबांसाठी. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत घुसल्या, त्या याच वाटेने. बोरीवरचा पूल धडधाकट हाती आला. त्याच दिवशी दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग इथे लढताना पडले. अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव आहे. पुढच्या चार दिवसांत सगळं आटोपलं. त्या दिवसांत हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं निजामाच्या मुलखावर घिरट्या घालत होती, आणि बारा-तेरा वर्षांचे आबा गावाबाहेर गुरं राखत होते. एक विमान इतकं खालून गेलं की गाय दावं तोडून उधळली आणि दिवस मावळेपर्यंत सापडली नाही, असं ते सांगायचे. आगगाडी बघायच्या आधी त्यांनी विमान बघितलं. मिसरूड फुटल्यावर पुण्यात जाऊन भरती झाले.

गंमत अशी की निजामाचा आणि विमानांचा संबंध त्याहून जुना. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनसाठी त्याने पैसा दिला. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ या स्क्वाड्रनांनाही हैदराबादचं नाव लागलं. १५२ची स्पिटफायर विमानं १९४०मध्ये इंग्लंडच्या आभाळात लढली आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. त्या स्क्वाड्रनच्या बोधचिन्हात चक्क निजामाची दस्तार, म्हणजे पगडी, आहे. त्या पैशात आमच्या पणजोबांनी भरलेल्या साऱ्याचे किती आणे होते, कोण जाणे. पणजोबांना तरी कुठे माहीत होतं.

किल्ल्याबाहेर चहा घेताना एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर भेटले. "कुठून यायलाव?" पासून सुरुवात झाली आणि गाडी १९४८वर आली. त्यांचे वडील तेव्हा पोरसवदा. "इमानाचा आवाज आला की आमचा बाप पेवात उतरायचा," ते म्हणाले. "जवारीचं पेव, जमिनीतलं. आत घुसमट इतकी, की इमानापरीस पेवानंच मेला असता." मी आबांची गाय सांगितली. त्यावर ते खो खो हसले आणि चहाचे पैसे देऊ देईनात.

मुक्काम तुळजापूरला. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळून गेलात तर दर्शन पटकन होतं. आम्ही नेमके मंगळवारी.

दुसरा दिवस : उजनीची बासुंदी आणि राफेल

तुळजापूर-औसा रस्त्यावर उजनी लागते. भीमेच्या धरणाची नव्हे, ही बासुंदीची. सकाळी दहाला बासुंदी खाणं हे आईच्या कुठल्याच पथ्यात बसत नव्हतं, पण तिने दोन वाट्या घेतल्या. दाट, फिकट गुलाबीसर, साखर बेताची. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना करडई, हरभरा, मधेच तूर. ओढ्याकाठची काही रानं पावसाळ्यातल्या पुराने खरडून नेलेली. तिथे नुसता दगड वर आलेला.

गावाच्या कमानीपाशी पोचलो आणि भावाने गाडी थांबवली. कमानीला भलामोठा फ्लेक्स. वर दोन राफेल विमानं आग ओकत चाललेली, मधे आबांचा लग्नातला फेट्यातला फोटो, शेजारी नानांचा पासपोर्टचा फोटो ओढून मोठा केलेला. खाली 'शूर वैमानिकांना मानाचा मुजरा' आणि शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यात एक वर्षाचं बाळही होतं. भावाला हसू आवरेना. आई मात्र बराच वेळ नानांच्या फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नानांनी हे फाडलं असतं."

पोरांनी वर्गणी काढून, हौसेने लावलेला फ्लेक्स. त्याला नावं ठेवायला जीव धजत नाही. पण मला ते खटकतं, आणि का ते सांगते. विमान उडवणं हीच तेवढी बहादुरी असं धरून चाललं की आबांचं खरं काम पुसून जातं. त्यांच्या वाट्याला न आलेला पराक्रम त्यांच्या गळ्यात घालायचा आणि जो आला तो विचारायचाच नाही, असला कसला मुजरा? शाळेत बोलायला बोलावलं होतं, तिथे मी हेच सांगायचं ठरवलं.

सातवीतल्या एका मुलीने पहिलाच प्रश्न टाकला, "आजोबांनी किती रणगाडे उडवले?"

एकही नाही, म्हटलं. मग लोंगेवाला सांगितलं. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे लोंगेवालाच्या ठाण्यावर चालून आले. तिथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबची एक कंपनी. मदत जैसलमेरच्या हंटर विमानांची, पण हंटरना रात्री हल्ला करता येत नव्हता. उजाडेपर्यंत थांबणं भाग होतं. फटफटताच विमानं उडाली आणि दिवसभर येत-जात राहिली. प्रत्येक वेळी उतरलेलं विमान पुन्हा भरून वर पाठवायचं काम आबांसारख्यांचं. हंटरच्या पोटात ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा एकाच पेटीत बसवलेल्या असतात. रिकामी पेटी खाली घ्यायची, भरलेली वर चढवायची, की विमान तयार. आबा सांगायचे, "बैलगाडीचा साठा उतरवून दुसरा चढवावा तसं. फकस्त हितं बैल तापलेला असतो."

पोरांना हे पटलं. एकाने विचारलं, पेटी नीट बसली नाही तर? मी म्हटलं, मग वरच्या पायलटने बटण दाबून काय उपयोग. वर्ग एकदम गप्प झाला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आँ!"

दुपारी काका जुन्या गावाकडे घेऊन गेले. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, आमचं गाव बसलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, दगडमातीच्या रुंद भिंतींची घरं. आबा रानात जागलीला होते म्हणून वाचले. आजी नाही वाचली. आता तिथे वेड्या बाभळी आणि अधूनमधून जोत्याचे दगड. काकांना अजून प्रत्येक घर सांगता येतं: हे सुताराचं, हे आपलं, हा पार.

ढिगारे उपसायला फौजेचे जवान आले होते. त्यांना आमच्या घरात काळी पत्र्याची ट्रंक सापडली. तिच्यावर पांढऱ्या रंगाने आबांचा सर्व्हिस नंबर लिहिलेला. तो वाचून त्यांनी ट्रंक वेगळी काढून ठेवली आणि आबांच्या हातात दिली. ती आता काकांच्या नव्या घरात, पलंगाखाली. संध्याकाळी काकूने ओढून बाहेर काढली. पाणी लागून फुगलेलं डिस्चार्ज बुक, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, एक डांगरी आणि तपकिरी लोकरीचे हातमोजे. उजव्या हातमोज्याच्या अंगठ्याचं आणि पहिल्या दोन बोटांचं टोक कापून काठ दोऱ्याने शिवलेला. डिसेंबरातल्या वाळवंटात पहाटे लोखंडाला हात लावला की बोटं गारठतात, आणि हातमोजे घालून लॉकिंग वायर, म्हणजे नट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार, पिळता येत नाही. म्हणून आबांनी हा मधला मार्ग काढला होता. टाके आबांचेच असणार. बटण लावतानाही ते असाच आडवा टाका घालायचे. आईने तो हातमोजा घालून बघितला आणि चिमटीत काहीतरी पिळल्यासारखं केलं.

रात्री जेवायला येसर आमटी, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर जेवढी झणझणीत तेवढी थंडी कमी, हे काकांचं शास्त्र.

ज्यांच्या घरी अशी ट्रंक आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगते. सर्व्हिस नंबर जपा. मेडलच्या कडेवर बघा, नंबर आणि नाव कोरलेलं असतं. हवाई दलाच्या एअरमनची कागदपत्रं नवी दिल्लीतल्या सुब्रतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. नंबर, नाव आणि नातं सांगणारे पुरावे जोडून पत्र लिहायचं. नुसतं 'माझे आजोबा हवाई दलात होते' यावर काही हाती लागत नाही. पत्र कसं लिहावं हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं.

तिसरा दिवस : उदगीर

नानांनी पठाणकोटचं कधीच काही सांगितलं नाही. आईला माहीत होतं ते एवढंच, की तिथे त्यांच्यासोबत एकाच बिलेटमध्ये, म्हणजे राहायच्या बराकीत, उदगीर भागातला आणखी एक पोरगा होता. तो पोरगा आता ऐंशी ओलांडलेला. दारातच ताठ उभे होते. स्वेटर, वर मफलर, पायात पॉलिश केलेले बूट. आम्ही सकाळी लवकर गेलो ते बरं केलं. वयस्कर माणसांना भेटायचं तर दहाच्या आत जावं, नंतर आठवणी आणि माणसं दोन्ही पेंगतात. जुने फोटो टॅबवर नेले होते, बोटाने मोठे करता येतात म्हणून. त्यांनी टॅब बाजूला सारला.

"तुझा बाप काय बोलला नव्हता ना?" त्यांनी आईला विचारलं. आईने मान हलवली. "न्हाईच बोलणार. कामून बोलंल? मार खाल्ला बाई आमी त्या दिवशी."

६ सप्टेंबर १९६५. संध्याकाळी पाकिस्तानची सेबर विमानं पठाणकोटवर आली, तेव्हा आपली बरीच विमानं जमिनीवर उभी होती. दोन नव्या मिग-२१ धरून दहाएक विमानं उभ्या जागी गेली. नानांच्या हाताखालचं मिस्टियर जातीचं लढाऊ विमानही त्यात होतं. वॉरंट ऑफिसर काका (त्यांना सगळं उदगीर याच नावाने ओळखतं) मधेच फौजी हिंदीत जात, मधेच पुन्हा उदगिरी बोलीत येत. "ट्रेंचमधी पडलो. तोंड मातीत. वरून गोळ्या. कोण इझवायला जातंय? तुझा बापबी गेला न्हाई, मीबी न्हाई. इमानं निघून गेल्यावर पळालो. वाळूच्या बादल्या. पेट्रोल पेटलंय आन आमी वाळू टाकतोय." जरा थांबले. "मग रातच्याला पाकिस्तानचे छत्रीवाले, पॅराशूटवाले, उतरले म्हणून बोंब. हातात रायफल देऊन उसाकडंला उभं केलं. आन सकाळी? सकाळी जी इमानं उरली होती ती उडायला नकोत का? पॅच मारीत बसलो. तुझ्या बापाचा हात लई साफ. पत्रा असा बसवायचा, की बोट फिरवलं तर लागू नये."

नानांच्या घरी ओसरीवर कायम वाळूने भरलेली एक लाल बादली असायची. आम्ही नातवंडं त्यातली वाळू घेऊन चुली मांडायचो आणि नाना एरवी कधी न ओरडणारे, तेव्हा ओरडायचे. आईने ही बादली सांगितली. काकांनी नुसतं "हाव" म्हटलं आणि सुनेला चहा टाकायला सांगितला.

मग आईने दगडाचं विचारलं. तिला वाटत होतं, पठाणकोट लिहूच नये. हरलेला दिवस कशाला कोरायचा? नुसतं 'हवाई दल' लिहावं.

"लिहा," काका म्हणाले. "जिंकल्यावर समदेच कोरत्यात. त्यो तिथं होता. सकाळी कामावर होता. लिहा पठाणकोट, आन सप्टेंबर १९६५ लिहा."

लातूरला फोन लावला. कारागीर वैतागला, कारण दुसऱ्या दिवशी येळवस आणि त्याला स्वतःच्या रानात जायचं होतं. संध्याकाळपर्यंत करून देतो म्हणाला आणि दिलं. मधल्या वेळात उदगीरचा किल्ला बघून घेतला. १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ते इथे. खंदक दगडात कोरलेला, आत उदागीर बाबांचं ठिकाण. किल्ल्याला अख्खी सकाळ द्यायला हवी, आम्ही तासाभरात उरकला.

चौथा दिवस : येळवस

या दिवशी लातूर जिल्ह्यात प्रवास करणार असाल तर आदल्या दिवशीच पेट्रोल भरा, डबा सोबत घ्या. हॉटेलं बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. किंवा डबा घेऊ नका. कुठल्याही रानाकडेला गाडी थांबवली तर जेवल्याशिवाय सुटका नाही. तारीख दरवर्षी बदलते, मार्गशीर्षातली अमावस्या बघायची.

पहाटे धुकं होतं. काकूच्या डोक्यावर आंबिलाचं बिंदगं, आमच्या हातात टोपल्या. रानात काकांनी कडब्याची कोप उभी केलेली, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव. पूजा झाल्यावर काकांनी आंबील रानभर शिंपडलं, मागून पोरं ओरडत, "ओलगे ओलगे, सालम पोलगे!" भाऊ पुण्यात एका बँकेत अधिकारी आहे, सगळ्यात मोठा आवाज त्याचा.

दगड विहिरीजवळच्या बांधावर बसवला. पोरांनी आधीच खड्डा घेतलेला, काळी माती ओली असल्यामुळे दगड दोनदा कलंडला. भाषण कुणी केलं नाही. गावचे सरपंच आले, वाचलं, आणि मोठ्याने म्हणाले, "आर्मरर, जैसलमेर, डिसेंबर १९७१. एअरफ्रेम फिटर, पठाणकोट, सप्टेंबर १९६५. आरं मंग पायलट कोण होता?" सातवीतली ती मुलगी तिथेच होती. तिने त्यांना तोफांची पेटी समजावून सांगितली, बैलासकट. सरपंचांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, फ्लेक्स उतरवायला सांगतो.

तो उतरून थेट रानातच आला, कारण सतरंज्या कमी पडत होत्या. पंगत राफेलवर बसली. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. वाटाणा, तूर, हरभरा, पातीचा कांदा, मिळेल ती हिरवी भाजी बेसनात शिजवून केलेला घट्ट प्रकार. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि आंबील: ताकातलं, ज्वारीच्या पिठाचं, लसूण घातलेलं, आदल्या रात्रीपासून आंबवलेलं. पहिला घोट नवख्याला कोड्यात टाकतो. तिसऱ्या पेल्याला माणूस आडवा होतो. आई काकूंच्या घोळक्यात बसून लाल बादलीची गोष्ट सांगत होती, आणि तिच्या सांगण्यात आता ट्रेंच होता, ऊस होता, बोटाला न लागणारा पत्राही होता.

दिवस मावळल्यावर मशालीसारखा हेंडगा पेटवून पोरं रानाभोवती पळाली. ज्यांना हुरडा खायचाय त्यांनी महिनाभर थांबून यावं, अजून कणसात दूध भरायचं होतं. हरभऱ्याचे घाटे मात्र पोटभर खाल्ले.

परतीचा दिवस

सकाळी निघालो. सोलापूरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, गाडी गोगलगायीच्या चालीने. वॉरंट ऑफिसर काकांचा फोन आला. दगडाचा फोटो नातवाने दाखवला होता. त्यांनी मजकूर अक्षर अक्षर वाचून घेतला, ठीक आहे म्हणाले, आणि नानांचा नंबर का नाही टाकला म्हणून आईला झापलं. आता तो कोरायला कारागिराला पुन्हा सांगायचंय. इंदापूरच्या आसपास डिकीत धाडकन आवाज झाला. काकूने उरलेलं आंबील प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण गच्च लावून दिलं होतं. न्यायचंच असेल तर झाकण सैल ठेवा, आणि बाटली कपड्यांच्या बॅगेशेजारी ठेवू नका.